भाऊरावांची पाठ

डोणगावच्या स्टँडाजवळ भाऊरावांची चहाची टपरी आहे, आणि जिभेला हाड नसतं ते त्यांच्याकडे पाहून पटतं. म्हणूनच गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई चांगुणानं त्यांना गळ घातली. गावात क्षयरोग आणि कुष्ठरोग, दोन्हींची तपासणी एकाच फेरीत व्हायची होती. घरोघर जाऊन कुणाला खोकला आहे ते विचारायचं आणि अंगावर बधिर चट्टा आहे का ते पाहायचं. बायकांचं चांगुणा पाहणार, पण तिच्यासमोर सदरा काढायला कोणता बाप्या तयार होतो? तिथं भाऊराव. चेष्टा करत, दटावत त्यांनी अर्ध्या गावाच्या पाठी पालथ्या घातल्या. औषध फुकट आहे, ते सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागत नाही, लाजायचं कशाला, हे उपदेश ते चहासोबत वाटत.

एकटे वामनराव बधले नाहीत. महिना झाला खोकत होते, अंगावरचे कपडे ढिले झाले होते, पण थुंकी तपासायला द्यायला तयार नव्हते. एकदा क्षयाचं नाव लागलं की पंगतीला कोणी शेजारी बसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणीचा दोस्त डोळ्यांदेखत हातचा जातोय, याचा भाऊरावांना राग येई आणि भीतीही वाटे.

या कामाच्या वाटणीत एक घोटाळा मात्र झाला. बायका चांगुणानं पाहिल्या, पुरुष भाऊरावांनी. मग भाऊरावांना कोण पाहणार? त्यांनी खुशाल सांगून टाकलं, आपण ठणठणीत आहोत. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे काही त्यांना सुचलं नाही.

रविवारी त्यांची बायको गोजरबाई त्यांची पाठ घासून देत होती. खांद्याखाली तिला फिकट चट्टा दिसला. चांगुणाचं सांगणं तिच्या ध्यानात होतं. तिनं पदराची पिन काढली.

"झालं का घासून?" भाऊरावांनी विचारलं.

"घासून नाही, पिन टोचून राह्यली मी. तुमाले समजलं काऊन नाही?"

डॉक्टरांनी तपासलं. कुष्ठरोगच होता, पण वेळेत सापडला होता, गोळ्यांनी पूर्ण बरा होणार होता. पहिल्या गोळ्या तिथंच दिल्या. तरी भाऊरावांना घोर लागला. आपल्या हातचा चहा आता कोण पिणार? टपरी बसली तर घरही बसलं. वाटेत गोजरबाईनं बजावलं, कुठं बोलू नका. त्यांनी मान डोलावली. टपरीवर आले तर बाकावर वामनराव खोकत बसलेले. त्यांना पाहून भाऊरावांना स्वतःची लाज वाटली. याला आपण काय सांगत होतो आणि आता काय करतोय?

त्यांनी चहा गाळला, ग्लास भरून मांडले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मले कुष्ठरोग निंगाला. गोळ्या सुरू झाल्या. ज्याले प्यायचा त्यानं प्यावा."

कुणी हात पुढे केला नाही. दोघं तर काम आठवल्यासारखे उठून गेले. भाऊरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

तोंडाला दुपट्टा लावून खोकत वामनराव उठले. एक ग्लास उचलला, दुपट्टा बाजूला सारला आणि सावकाश सगळा चहा प्याले.

"साखर कमी पडली बे," ते म्हणाले. मग रिकामा ग्लास खाली ठेवत म्हणाले, "चांगुणाले सांगजो, माही थुंकी घेऊन जाय म्हणा."