पहिला तास

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारच्या उपासनेनंतर बायकांची सभा भरते, तेव्हा चटईवर जागा उरते. तिथेच एका रविवारी नव्या पाळकबाईंनी सांगितलं, "दिवसाचा पहिला तास प्रभूचा. आधी प्रार्थना, मग शास्त्रवाचन, मग दिवसभराच्या कामांची आखणी. बघा तुमचं आयुष्य कसं बदलतं ते." तरुण होत्या, नुकत्याच पुण्याहून आलेल्या. मोबाइलवर ग्रुप केला आणि रोज सकाळी उघड्या शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, फोटो टाकायचा असं ठरवून दिलं.

मला ते मनापासून पटलं. मी सरकारी कचेरीत लिपिक आहे. बढतीसाठी खात्याची परीक्षा द्यायची होती. पहाटे उठले तर प्रार्थना होईल आणि अभ्यासही होईल, असा माझा सरळ हिशेब.

हिशेबात सासरे धरले नव्हते.

आमची घरं मूळची नगरकडची, पण सासऱ्यांची सगळी नोकरी पोफळीला झाली, जमिनीखालच्या वीजगृहात. आयुष्यभर शिफ्टा केल्या. आता ते आमच्याकडे मिरजोळ्याला असतात. गेल्या काही वर्षांत त्यांचं विसरणं वाढत गेलंय. दिवसा फारसा त्रास नसतो. पण पहाटे घरात दिवा लागला, की त्यांच्या डोक्यात फर्स्ट शिफ्ट सुरू होते.

पहिल्याच पहाटे मी जेवणाच्या टेबलाशी स्तोत्र उघडून बसले, तर मागे पँट-शर्ट घालून सासरे उभे.

"बस आली काय गो? डबा केलास?"

"पप्पा, तुम्ही रिटायर झालात. झोपा बघू."

"झोपा काय? रात्रपाळीवाला खोळंबलाय तिकडे! मशीन कोण बघणार?"

आवाज चढला. मी चहा टाकला, पोळी लाटून खरोखरच डबा भरून हातात दिला. तो मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तोवर उजाडलं होतं. पाणी भरायचं होतं, भाजी चिरायची होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून बसले. दाराखालून उजेड दिसला, दार वाजलं. मग दिवा न लावता बिछान्यातच मोबाइलवर वचन वाचायला घेतलं, तर सेकंड शिफ्ट करून आलेला नवरा कूस बदलत म्हणाला, "आता पहाटेपासून मोबाइल का?" दात आवळून प्रार्थना करता येत नाही, हे तेव्हा कळलं.

आणि ग्रुपवर रोज फोटो. कुणाचं शास्त्र खिडकीत, शेजारी वाफाळता चहा. कुणाचं अंगणात जास्वंदीपाशी. माझा फोटो नाही म्हणून पाळकबाईंचा मेसेज आला: "ताई, शत्रू आपली सकाळ चोरू पाहतो. हार मानू नका." मी तो वाचला तेव्हा तो शत्रू माझ्यासमोर एका पायात माझी चप्पल आणि एका पायात स्वतःचा बूट घालून उभा होता. इतका संताप आला, की फोन पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

शेवटी मी न्हाणीघरात बसायला लागले. आतून कडी, पालथी बादली, मांडीवर शास्त्र. दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका पहाटे बाहेर येते तर पुढचं दार सताड उघडं.

नवऱ्याला हाक मारली. तो एका दिशेला धावला, मी दुसऱ्या. गाऊनवर ओढणी घेऊन रस्त्याने पळत होते. सासरे कंपन्यांच्या बसथांब्यावर सापडले. फॅक्टरीत जाणाऱ्या मुली उभ्या होत्या, त्यांतल्या एकीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. मला बघून ते खूश झाले.

"तू पण फर्स्टला काय?"

नवऱ्याला फोन करून सांगितलं आणि कट्ट्यावर मटकन बसले. रडू आवरेना. तोंडातून निघालं, "प्रभू, काय करू मी आता? सांग ना, काय करू?" राग त्याच्यावरच होता. एक तास मागितला होता, तोही त्याच्यासाठीच.

सासरे शेजारी बसले. "प्रार्थना करतेस? कर, कर. बस यायला वेळ आहे." आणि स्वतःच डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. घरातल्यांची नावं विसरणारा माणूस ती एकही शब्द न चुकता म्हणत होता. मीही बरोबर म्हणू लागले. मध्येच अडखळले, तर म्हणाले, "घाई नको."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी कचेरीत उशिरा पोचले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. संध्याकाळी नवऱ्याशी जोरदार भांडले. "वडील तुझे आहेत, पहाट मात्र माझीच का?" दुसऱ्या दिवशी त्याने दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली आणि म्हणाला, "ज्या आठवड्यात मला जनरल शिफ्ट असेल, त्या आठवड्यात पप्पांचं मी बघीन." तेवढं तो पाळतो. परीक्षेच्या एका पेपरात पास झाले, एक राहिला.

पुढच्या सभेत पाळकबाईंनी विचारलं, "ताई, तुमची साक्ष? पहिल्या तासाचा अनुभव सांगा ना."

मी म्हणाले, "बाई, एकदा माझ्या घरी मुक्कामाला या. पहिला तास तुम्ही सांभाळा, मी शास्त्र वाचते."

बायका हसल्या. पाळकबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कधी येऊ?"

मी शनिवार सांगितलाय. येतात का, बघू.