बाथरूमच्या दारात मामी

मामींचे अर्धे कपडे पिळून झाले होते आणि अर्धे बादलीतच होते, तेवढ्यात बाहेरून मामांची हाक आली, "अगं, हात पूस आणि ट्रायलला ये."

मामा शिंपी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून त्यांची बायको मामी. उभा जन्म मामांनी लोकांच्या खांद्यांना आणि कमरांना टेप लावली. दुकान मुलाच्या हाती सोपवलं, तेव्हा गळ्यातली टेप मात्र त्यांनी गळ्यातच ठेवली आणि घर वाढवायला काढलं. कोणी इंजिनियरचं नाव काढलं की म्हणत, "माणसाचं अंग इतकं वेडंवाकडं, त्याला मी कपडा बसवला. भिंत तर बिचारी सरळ उभी असते."

पण देवाची करणी अशी, की त्या घरात कुठलीच गोष्ट कुठल्याच गोष्टीला बसेना. खिडक्यांच्या काचा चौकटीपेक्षा लहान आल्या. मामांनी काचवाल्याचा उद्धार केला आणि फटींमधून लाल कापडाची पायपिंग फिरवली. स्वयंपाकघरातलं सिंक ओट्याच्या भोकातून सरळ खाली गेलं आणि पिठाच्या डब्यावर जाऊन बसलं. भिंतीतलं कपाट इतकं ढगळ झालं, की दार ओढलं तर कपाटच भेटायला पुढे येई. मामी एक गुडघा त्याला टेकवूनच डबे काढत. दिव्याची वायर मामांनी 'पुढेमागे लागली तर' म्हणून हातभर जास्तीची ठेवली होती, त्यामुळे उंच पाहुणा आला की त्याला आधी बसा म्हणावं लागे आणि मग या. मामी रोज देवापुढे हात जोडून म्हणत, "देवा, ह्यांचे हात शाबूत ठेव, पण थोडे स्वस्थही ठेव."

एवढं सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं. बाथरूमचं मात्र तसं नव्हतं. त्यांची आई गेल्या वर्षी पडली, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत होती. ती मामींच्या धाकट्या भावाकडे, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, त्याच्याकडे असे. आता दादाची बदली झाली होती आणि नवी जागा तिसऱ्या मजल्यावर. आईला वृद्धांच्या एका संस्थेत ठेवायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. मामी म्हणाल्या, माझ्याकडे येईल. दादा म्हणाला, "ताई, तुझ्या बाथरूममध्ये खुर्ची जाते का ते बघ आणि आज संध्याकाळपर्यंत सांग. संस्थेवाले खोली अडवून ठेवत नाहीत." आणि आईसाठी घेतलेली नवी खुर्ची त्याने आदल्या दिवशीच पाठवून दिली होती.

तर ट्रायल त्या खुर्चीची होती. मामांनी दादाकडे जाऊन जुन्या खुर्चीचं माप स्वतः घेतलं होतं, ही अगदी त्याच मापाची. त्यात एक इंच सैल धरून त्यांनी दाराचं माप गवंड्याला सांगितलं होतं. "जास्त नको," ते म्हणाले होते, "ढगळ दार म्हणजे मागून आणलेल्या कोटासारखं दिसतं. अंगाबरोबर पाहिजे."

"बस," मामा म्हणाले. "रिकाम्या खुर्चीची ट्रायल ही ट्रायल नव्हे. हँगरवर सगळेच कपडे बसतात."

मामी देवाचं नाव घेऊन बसल्या. पुढची लहान चाकं उंबऱ्यावरून आत गेली, मामींचे पाय आत गेले, गुडघे गेले. मग मोठी चाकं चौकटीला लागली. मामांनी जोर केला. खुर्ची करकरली, बोटभर आत घुसली आणि थांबली. मागे ओढली तर येईना. पुढे ढकलली तर जाईना.

"जरा घट्ट झालंय," मामा म्हणाले. "वापराने सैल पडेल."

"दार?"

"उठ तू. मी तिरकी करून काढतो."

मामी उठायला म्हणून हातांवर भार देत होत्या, तो तशाच परत बसल्या. समोर अर्धवट कपड्यांची बादली दिसत होती, नळ दिसत होता, आईला धरायला म्हणून बसवलेला दांडा दिसत होता. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मी नाही उठत."

"म्हणजे?"

"आई उठणार आहे का? ती इथे अडकली तर तिला काय सांगाल, उठा, मी खुर्ची तिरकी करतो?"

"अगं, पण तू आई नाहीस."

"ट्रायलला आहे ना मी? मग पुरी होऊ द्या ट्रायल."

मामांनी खुर्चीभोवती फिरून बघायचं ठरवलं, पण फिरायला जागा नव्हती. तेव्हा ते अंगणातून बाथरूमच्या खिडकीशी गेले आणि तिथून आत डोकावून म्हणाले, "समोरून छान दिसतंय."

शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या. दारात पाठमोऱ्या बसलेल्या मामी बघून त्यांनी विचारलं, "काय गं, हे काय?"

"ट्रायल चाललीय," मामी म्हणाल्या. "साखर वरच्या फळीवर आहे. कपाटाला गुडघा लावून उघड."

काकू साखर घेऊन गेल्या नाहीत. पाट घेऊन मामींच्या पाठीशी बसल्या. असा कार्यक्रम सोडून कोण जाणार?

मामांनी शेवटी गवंड्याला बोलावलं. गवंडी आला, त्याने मामींना नमस्कार केला आणि चौकटीवर बोट फिरवलं. "मामा, तुम्ही सांगितलं सव्वीस, मी काढले सव्वीस."

"खुर्ची पंचवीस आहे."

"असेल. पण दिसत नाही."

"हे बघ," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोन्ही बाजूंना थोडं सोडता येईल का? आत दाबून काही ठेवलं असेल ना?"

"भिंतीत काय ठेवायचं, मामा?"

"आम्ही ठेवतो. शिवणीत. पोरं वाढतात, तेव्हा उसवून सोडता येतं."

गवंड्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. "मामा," तो म्हणाला, "भिंत वाढत नाही आणि उसवली तर छत खाली येतं."

"मग खुर्चीच थोडी आत घेऊ," मामा म्हणाले. "मधून एक चूण टाकली तर?"

तेवढ्यात मामींच्या मांडीवरचा फोन वाजला. दादा होता. मामींनी सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"ताई, जाते का खुर्ची?"

मामींनी डावीकडच्या चाकाकडे पाहिलं, उजवीकडच्या चाकाकडे पाहिलं. त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या आणि समोर नळ असला तरी देव बघत होताच. "बसलेय मी त्यातच," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत आलेय. संस्थेला नाही म्हणून कळव."

फोन ठेवून मामींनी मान न वळवता विचारलं, "गवंडीदादा, तुमची टेप आहे का? या खुर्चीची रुंदी घ्या बघू."

गवंड्याने लोखंडी टेप लावली. "सव्वीस."

"आता अहो, तुम्ही घ्या."

मामांनी गळ्यातली टेप काढून लावली. "पंचवीस. मी काय सांगत होतो?" मग ते गवंड्याला म्हणाले, "तुझी टेप आखडलीय. लोखंड थंडीत आखडतं."

"तुमची ताणलीय," मामी म्हणाल्या.

"या टेपेवर मी अख्ख्या गावाला कपडे घातलेत. एकाचा तरी कपडा कमी पडला?"

"कसा पडेल? माणूसही याच टेपेने मोजलात आणि कापडही याच टेपेने कापलंत. सगळा गाव एकाच चुकीत सुखाने नांदला. पण काचवाल्याची टेप वेगळी, सिंकवाल्याची वेगळी." त्यांचा आवाज खाली आला. "उद्या आई येणार आहे हो. तिला तुमची टेप माहीत नाही."

मामांनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. सुरुवात जुळवली आणि बोट पुढे सरकवत नेलं. शेवटी कापडी टेपेचा पंचवीस लोखंडी टेपेच्या सव्वीसपाशी येऊन थांबला. मामांनी परत सुरुवातीपासून नेलं. मग त्यांनी खिडकीच्या लाल पायपिंगकडे पाहिलं, बराच वेळ, ओळखीचा माणूस चुकीच्या गावात भेटावा तसं.

"दमली असेल," ते म्हणाले. टेपेची गुंडाळी त्यांनी खिशात टाकली. गळ्यात घातली नाही. "काढ चौकट."

"मामींना उठवा आधी."

"त्या उठायच्या नाहीत," मामा म्हणाले. "तू काढ. मी त्यांच्यावर चादर धरतो."

आणि मग तसंच झालं. मामांनी आणि काकूंनी मामींच्या डोक्यावर चादर धरली, चादरीखालून नामस्मरण ऐकू येत राहिलं आणि गवंड्याने पहारीने चौकट उपटली. मध्ये नामस्मरण थांबून एकदा आवाज आला, "कपड्यांच्या बादलीत चुना पाडू नका." एका बाजूचं लाकूड निघालं तशी खुर्ची सैल पडून आपोआप पुढे घरंगळली. मामांनी धावत जाऊन ती धरली, आत नेली, नळाशी वळवली, दांड्यापाशी उभी केली, परत बाहेर आणली. कुठेही घासली नाही.

मामी उठल्या. पाय बधिर झाले होते, त्या काकूंना धरून उभ्या राहिल्या. बाथरूमला आता चौकट नव्हती, म्हणून दारही नव्हतं. सुतार कधी येईल ते सुतारालाच ठाऊक.

"तोवर पडदा लावू," मामा चाचरत म्हणाले. मग गवंड्याकडे हात पुढे केला. "तुझी टेप दे जरा."

मामींनी चुन्याने माखलेली साडी बदलली, देवापुढे दिवा लावला आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांना दादाकडे जाऊन आईच्या गोळ्या आणि तिची उशी आणायची होती.