‘कळलं, बघतो’

लेकीची गाडी चालवायला लागून जगनला सहा महिने झाले होते आणि त्यातले निदान पाच तरी तो दमलेलाच होता. घरात त्याने याचा चकार शब्द काढला नव्हता. मोहन्याहून बाळकुम म्हणजे काही देशाच्या टोकाला जायचं नाही. पण मधे दुर्गाडीचा पूल आहे, कोनगाव आहे, रांजणोलीचा नाका आहे. पुढे भिवंडी बायपासला कंटेनरच्या मागे उभं राहून राहून, चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो, असं कुणालाही वाटतं. साठी उलटलेल्या कंबरेने त्यात किती दिवस साथ द्यायची?

गाडी मृणालची. तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलेली, चौदा एप्रिलला दारात आणलेली, घराण्यातली पहिली. त्या दिवशी जगनने अख्ख्या आळीला पेढे वाटले आणि गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येक पोराला दटावलं. दोन महिने मृणाल स्वतःच चालवत बाळकुमच्या ऑफिसला जात होती. मग पावसात ऑफिसच्या जिन्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवा घोटा मोडला. आता ऑफिसला कसं जायचं, असा प्रश्न घरात पडला, तेव्हा जगन म्हणाला, “मी आहे ना.” मोहन्याचा कारखाना बंद पडल्यावर त्याने काही वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती, त्या जोरावर.

खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता. व्हॅन सुटल्यापासून तो ओट्यावर बसून होता आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला घरातले फक्त जेवायला हाक मारतात. आता बायको, मंजुळा, पहाटे दोन डबे भरू लागली. शेजारचे विचारत, काय जगनभाऊ, ड्युटीवर का? ‘ड्युटी’ शब्द ऐकला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. सकाळी लेकीला पोचवायचं, दिवसभर पार्किंगमध्ये थांबायचं, संध्याकाळी परत आणायचं. पहिला महिना मजेत गेला. नंतर पाठ धरली, मग गुडघे. सिग्नलला गाडी थांबली की डोळे आपोआप मिटायला लागले. पण थकलो म्हणायचं म्हणजे पुन्हा ओटा. त्यापेक्षा कंबर दुखलेली परवडली.

डिसेंबरच्या एका गार सकाळी, मृणाल बाहेर यायच्या आधीच, गाडी सुरू करताना स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. टायर मधोमध कापल्यासारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह. चाकात हवा कमी आहे एवढं जगनला समजलं. तो खाली उतरला, चारही चाकांना लाथ मारून बघितली. त्याला ती सारखीच वाटली. दुपारी पार्किंगमध्ये त्याने शेजारच्या गाडीच्या तानाजी ड्रायव्हरला विचारलं. तानाजी म्हणाला की स्टिअरिंगखाली बटण आहे, टुक वाजेपर्यंत दाबून धरायचं, दिवा जातो, मी तर असंच करतो.

दुसरा कुणी असता तर त्याने बटण दाबून विषय सोडून दिला असता. जगनने तसं केलं नाही. तो कारखान्यात बॉयलरच्या पॅनलवर ऑपरेटर होता. पॅनलवर दिवा लागून भोंगा वाजला की ऑपरेटरने आधी एक बटण दाबायचं. त्याचा अर्थ, कळलं, बघतो. भोंगा गप्प होई. काम राहून गेलं तर पॅनल पुन्हा बोंबलायचं आणि बिघाड वाढत असेल तर घडीघडीला बोंबलायचं. आयुष्याची उमेदीची वर्षं यात गेलेली. त्यामुळे गाडीचं बटणही त्याने त्याच भावाने दाबलं. गाडीला सांगितलं, कळलं, बघतो. संध्याकाळी पंपावर जाऊ.

संध्याकाळी पंपावर रांग होती आणि त्याच्या पाठीत रांगेला उभं राहायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने दिवा पुन्हा लागला, त्याने पुन्हा बटण दाबलं. आठवडाभर ओरडली नाही म्हणजे विशेष काही नसणार, असं पॅनलवरच्या माणसाने मनाशी ठरवून टाकलं. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तर बटण दाबताना त्याला नुसता कंटाळा आला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रांजणोली ओलांडून बायपासला लागल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. मग धबधब आवाज झाला. मागून ट्रेलर हॉर्न देत येत होता. जगनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी कशीबशी कडेला घेतली. तो उतरून मागे गेला. मागच्या डाव्या टायरचं रबर रिमखाली चेचून गेलं होतं.

मृणाल उतरली, टायर बघितला आणि साधंच विचारलं, “दिवा लागला नाही का, पप्पा?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. ते त्याच्या तोंडाशी आलंही होतं.

“लागलेला,” तो म्हणाला. “तीनदा. मी बटण दाबलं.”

ती रागावली नाही आणि त्याला तेच जास्त लागलं. तिने समजावलं की ते बटण हवा भरून झाल्यावर दाबायचं असतं. ते दाबलं की गाडी समजते, आत्ता चाकात आहे तेवढीच हवा बरोबर आहे. म्हणजे दर वेळी हवा कमी झाली आणि दर वेळी जगनने गाडीला पटवून दिलं, की हेच ठीक आहे. ऐकताना त्याचा चेहरा उतरला. लेक मागच्या सीटवर बसलेली आणि आपण हा उद्योग करत होतो.

तो डिकीतून स्टेपनी काढायला गेला. जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे, एवढं त्याला येत होतं. तीन नट सुटले, चौथा हलेना. त्याने पाना धरून अंगाचं सगळं वजन टाकलं. त्याला बाजूला करून मृणालने पान्यावर पाय ठेवला आणि दाणकन दाबला. नट करकरत फिरला.

“अगं, पाय!” जगन ओरडला. तिने उजवाच पाय मारला होता.

“पाय दिवाळीतच बरा झालाय, पप्पा.” ती पाना उचलत म्हणाली. “तुम्ही सकाळी आंघोळ करून, चावी हातात घेऊन बसलेले असायचे. मग मी काय बोलणार? तुम्ही सिग्नलला झोपता, ते मला मागून दिसतं. रोज ठरवायचे, आज सांगेन. नाही जमलं.”

जगनने जॅक गाडीखाली सरकवला. त्याला वाटत होतं, लेकीला आपली गरज आहे म्हणून आपण हाडं झिजवतोय. आणि ती, बापाला गरज आहे म्हणून, मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसत होती. त्याला तिचा राग आला, स्वतःचा आला, मग कुणावर रागवायचंही त्राण उरलं नाही.

चाक बदलून झाल्यावर मृणालने हात पुढे केला आणि त्याने चावी दिली. तो तिच्या शेजारच्या सीटवर बसला. माणकोलीपर्यंत त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

“उद्यापासून मी जाईन,” ती समोर बघत म्हणाली.

हेच ऐकायची भीती घेऊन तो इतके महिने गाडी हाकत होता. आणि ऐकल्याबरोबर त्याचं अंग सैल पडलं. बरं वाटलं, अगदी उघड बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

“मग मी सकाळी उठून काय करू?” त्याने विचारलं.

मृणालने खारेगावला गाडी डाव्या लेनला घेतली.

“झोपा, पप्पा,” ती म्हणाली. “दमलात तुम्ही.”

जगनने मान खिडकीकडे वळवली, कारण डोळे भरून आले होते. घरी बसल्यापासून त्याला असं कुणीच म्हणालं नव्हतं. बिनकामाच्या माणसाला दमलास असं कोण म्हणतं?