आईचे पौंड

माझ्या थोरल्या बहिणीला इंग्लंडात दिवस गेले आणि आमच्या इतवारीतल्या घरात परकीय चलन हा शब्द शिरला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तोवर हा शब्द मी फक्त रेडिओच्या बातम्यांत ऐकला होता. देशात परकीय चलन कमी आहे, असं बातम्या देणारा सांगे आणि मला प्रश्न पडे, कमी आहे तर आणत का नाहीत? वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, दुसऱ्याच्या देशातले पैसे आपल्याला छापता येत नाहीत, तिकडे काही विकावं तेव्हा मिळतात. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुकानातल्या पितळी घागरींकडे निरखून बघत होते. इंग्लंडातल्या बायका त्यात काय भरतील, ते काही मला सुचलं नाही.

बाळंतपणाला आईनं जायचं ठरलं. तिकिटासाठी वडिलांनी भिशी उचलली. खरी अडचण तिकडच्या पोटापाण्याची होती. आमच्याकडे जुनी रीत अशी की नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. माझे आजोबा उमरेडला आत्याकडे जात तेव्हा शेजाऱ्यांकडे जेवून मग तिच्या ओसरीवर गप्पा मारायला बसत. उमरेडला हे चालून जात होतं. इंग्लंडात कोण शेजारी आईला भाकर वाढणार होता?

आईनं आपलं ठरवून टाकलं होतं. डाळ-तांदूळ इथून न्यायचे, दूध-भाजी तिकडे स्वतःच्या पैशानं आणायची आणि स्वतःच्या हातानं शिजवायची. मला वाद घालायची हौस होती. मी म्हटलं, शेगडी तर ताईचीच वापरशील, त्याचं काय? जाळ काही पोटात जात नाही, असं म्हणून तिनं मला गप्प केलं.

शेजारच्या काकांनी एक युक्ती सुचवली. ताईचे सासू-सासरे आमच्याच गावात, महाल भागात राहत. इथे त्यांच्या हाती रुपये द्यायचे आणि तिकडे जावयाकडून पौंड घ्यायचे. हे कायद्यात बसत नाही म्हणून वडील घाबरले. आईला कायद्याशी काही देणंघेणं नव्हतं. "मंग थे जावयाचेच पैसे झाले ना," एवढंच ती म्हणाली आणि युक्ती तिथेच बारगळली.

तेव्हा एक दिवस आई, वडील आणि मी रिक्षानं सदर भागातल्या बँकेत गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण दुसऱ्या देशाचा पैसा बघायला मिळेल म्हणून मी कॉलेज बुडवलं होतं. तिथल्या साहेबांनी पासपोर्ट आणि तिकीट बघितलं आणि सरकार ठरवून देतं तेवढेच पौंड मिळतील, त्यातले थोडे रोख आणि बाकीचे प्रवासी चेक, असं सांगितलं. प्रवासी चेक म्हणजे काय, असं मी लगेच विचारलं. वडिलांनी डोळे वटारले, पण साहेबांना कुणीतरी विचारल्याचा आनंदच झाला असावा. त्यांनी एक चेक काढून दाखवला. त्यावर सहीसाठी दोन जागा होत्या. एक सही आत्ता, त्यांच्यासमोर करायची. दुसरी तिकडच्या बँकेत, तिथल्या माणसासमोर. दोन्ही जुळल्या की पैसे. वाटेत चोरानं पळवला तरी त्याला उपयोग नाही. मला ही कल्पना फारच आवडली. कुलूप एका देशात आणि किल्ली माणसाच्या बोटांत.

आईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "अंगठा चालते काय?"

पासपोर्टावर तिचा अंगठाच होता. साहेब नरमाईनं नाही म्हणाले. या चेकांना सहीच लागते, येऊ लागली की या.

आम्ही रिक्षानं परतलो. मला वाटलं, संपलं सगळं. घरी येऊन तिनं फळीवरून आपल्या लग्नातला तांब्या उतरवला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भांड्यांवर नावं घालणारा एक म्हातारा बसायचा. छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं काढायचा. त्यानंच या तांब्यावर आईचं नाव घातलं होतं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण हे आपलं नाव हे ती जाणून होती. माझी जुनी पाटी पुढ्यात घेऊन ती ते बघून बघून काढू लागली. तांब्यावर वरची रेघ मध्ये मध्ये तुटलेली होती, तर हिनंही तुटलेलीच काढली. रेघ सलग ओढ, असं मी सांगितलं तर म्हणाली, आहे तसं काढून राहिली मी, तू शिकवू नको.

आम्ही पुन्हा बँकेत गेलो. पेन पळीसारखं धरून आई एकेका चेकावर आपलं नाव मांडू लागली. मागे रांगेत लोक चुळबुळत होते. एखादं अक्षर डावीकडे कललेलं, एखादं उजवीकडे, आणि वर तुटकी रेघ. साहेबांनी घाई केली नाही. चालेल म्हणाले, तिकडेही अशीच करा. रोख नोटा मी हातात घेऊन उजेडाकडे धरल्या, उलट्यासुलट्या केल्या, हुंगूनसुद्धा बघितल्या. आईनं नोटेवरच्या राणीला बराच वेळ न्याहाळलं आणि हिचा नवरा काय करते, असं विचारलं. साहेब मनापासून हसले.

विमानाला अजून महिनाभर अवकाश होता. आईची सही होऊन गेली होती, पण पाटी काही सुटेना. तिला अक्षरांची चटक लागली. बाजारात जाताना ती दुकानांच्या पाट्यांपुढे थांबायची आणि हे काय, ते काय म्हणून मला भंडावून सोडायची. ताईचं नाव लिहायला शिकली, वडिलांचं लिहून लाजली. स्वतःचं नाव तर ती आता पेन न उचलता लिहायची, वर सरळ रेघ आणि शेवटी एक डौलदार शेपूट. शेपूट तिनं कुठून उचललं कोण जाणे. दुकानाची पाटी आता हिच्याकडूनच रंगवून घेतो, असं वडील चिडवायचे. मला तिचा इतका अभिमान वाटे की मी मैत्रिणींना घरी आणून तिची सही दाखवत असे.

काही महिन्यांनी आई परत आली. नातू झाला होता, सगळं सुखरूप होतं. पहिल्याच संध्याकाळी तिनं पिशवीतून चेक काढून वडिलांपुढे ठेवले. सगळेच्या सगळे होते. काय झालं ते सांग म्हणून मी तिला श्वास घेऊ दिला नाही.

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली तरी ताईचं बाळंतपण झालं नव्हतं. रोख पौंड दूध-भाजीत संपले, तेव्हा आई आणि ताई तिथल्या बँकेत गेल्या. आईनं ऐटीत, एका दमात सही केली. काचेमागची मुलगी खाली बघे, वर बघे, पुन्हा खाली बघे. मग तिनं आपल्या वरिष्ठाला बोलावलं. या दोन सह्या एका बाईच्या वाटत नाहीत, असं तो अदबीनं म्हणाला. पासपोर्टावर तर अंगठा. त्यानं एक कोरा कागद पुढे केला, यावर आधीसारखी करून दाखवा, मग बघू. आई, थोडं वाकडंतिकडं काढ ना, असं ताई कानाशी लागून विनवत होती.

"मग काढलंस?" मी विचारलं.

"हात ठेवला कागदावर," आई म्हणाली. "जरासा थरथरवला असता तं झालं असतं. पण मले येते ना आता. येत असून न आल्यावानी काहून करू?"

पेन ठेवून ती उठून आली होती. बाळ तर तेव्हा झालं नव्हतं. मग जेवलीस काय, असं वडिलांनी हळूच विचारलं.

"तिच्या घरी जेवली," आई म्हणाली. तोवर ताईच्या स्वयंपाकघरात रोज दोन वेगळी पातेली चढत होती. त्या संध्याकाळी एकच चढलं. "माह्यापुढे ताट ठेवलं आन् तिथंच बसून राहिली. म्हणे, आई, लग्न झाल्यापासून तुले वाढाचं होतं मले."

आईनं डोळे पुसले.

"वरण पातळ झालं होतं तिचं," ती म्हणाली. "मी मागून मागून घेतलं."