बॉनेट आणि बांगडी

आज कपाटाच्या दाराच्या कब्ज्यात तेल सोडलं, आणि त्या वासाने माझे खांदेच दुखायला लागले.

सत्तरच्या दशकात आमची जुनी काळी मोटार वरठीच्या स्टेशनावर भाड्याने चालायची. एकदा आसगावहून येताना तिचं बॉनेट भर रस्त्यात उघडलं आणि काचेवर आदळलं. गाडी हे चालवत होते, यांना समोरचं काहीच दिसेना. मागे सवारीची लेकरं बसलेली. गाडी कशीबशी धानाच्या बांधीच्या कडेला थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी हे अंगणात बॉनेटचे कब्जे सरळ करायला लागले. ते जड बॉनेट तोलून धरायचं काम माझं. बोल्ट हे ढिले करायचे, कब्जा केसभर सरकवून पुन्हा आवळायचे. मग बॉनेट लावून माझी काचेची बांगडी दोन्हीकडच्या फटींतून फिरवून बघायचे. दुपारी बांगडी दोन्हीकडे सारखी फिरली, खटकाही नीट लागला. तरी हे म्हणाले, "उचल आनखी एक डाव."

"झालं ना आता. कायले उघडून राहिले?"

"तू धर."

दिवस मावळेपर्यंत तेच. माझे खांदे भरून आले होते. फटीत यांना अजून काय दिसतंय, तेच मला कळेना.

आता वाटतं, फटीत काहीच नव्हतं. खटका लागला की हे दर वेळी लेकरं बसली होती त्या मागच्या सीटकडे बघत उभे राहायचे, आणि मी समजत होते, दमले असतील.