हललेली रेघ

जूचंद्रच्या धर्मा भोईरांनी मुंबईतल्या एका वेधशाळेत एकतीस वर्षे कागद बदलले. भूकंपमापकाच्या फिरत्या पिंपावर काजळी धरलेला कागद चढवायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उतरवायचा आणि सुईने ओढलेली रेघ पुसली जाऊ नये म्हणून पातळ वार्निशात बुडवून वाळत घालायचा, हे त्यांचे काम. ट्रकमुळे किंवा कुणाच्या पावलांनी रेघ जिथे हलली असेल, तिथे समासात पेन्सिलीने तसे लिहायची मुभाही त्यांना होती. त्यांनी ‘ट्रक’ लिहिले की वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ ती जागा पुन्हा पाहत नसत. तो शब्द एकदाही चुकला नव्हता. हे धर्माजी स्वतः सांगत नसत. त्यांची बायको भागूबाई सांगे.

“आमच्या यांनी कागदच बदलले, पन चाल बगा साहेबाची,” असेही ती वर म्हणे.

भागूबाईची चिमूट गावात नावाजलेली. दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनात तिच्या रेघेपुढे तरुण पोरी दबून असत. गेल्या वर्षी तिने नवऱ्याकडेच विषय मागितला. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर पृथ्वीचे पोट काढून दिले. वर पातळ कवच, खाली जाडजूड प्रावरण, मग वितळलेल्या धातूचा बाह्य गाभा आणि मधोमध घट्ट गोळा.

“कोनी बगलंय आत जाऊन?”

“कोनीच नाय. भूकंपाच्या लहरी आतून जातात, त्यांवरून कळतं. पहिली लहर ढकलत ढकलत जाते, ती गाभ्यातूनही पार होते. दुसरी आडवी हलवत जाते, तिला पातळ पदार्थातून वाट नाय. ती पलीकडच्या अंगाला पोचतच नाय.”

“म्हंजे जी आली नाय, तिनंच सांगितलं आत काय हाय ते.”

“तसंच.”

“मग बायकांचं काय येगळं हाय,” असे म्हणून भागूबाईने लाल रंग चाळायला घेतला.

आधी प्लायवूडच्या फळीवर नमुना घालायचा, ही तिची पद्धत. तिसरा वेढा ओढताना ती मध्येच थांबली.

“अहो, चिमटीत रांगोळी हाय का नाय तेच कळंना. बोटं माझी वाटत नाय.”

त्याच वेळी रस्त्यावरून खडीचा डंपर गेला. धर्माजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

“डंपर गेला,” ते म्हणाले.

“असंल.”

थोड्या वेळाने बोटे पूर्ववत झाली आणि तिने वेढा पुरा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी कोसळली. उजवे अंग पूर्ण गेले होते. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, “आधी काही लक्षण? हात बधिर होणं, बोलताना अडखळणं?” मुलगी संजना म्हणाली, “आई कधी काही सांगायचीच नाही.” धर्माजी बाजूलाच उभे होते. ते बोलले नाहीत. चार दिवसांनी भागूबाई गेली.

तेराव्यानंतर, घर रिकामे झाल्यावर, त्यांनी तो नमुना पातळ वार्निश फवारून पक्का केला आणि फळी भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवली.

वर्षभर संजना येत राहिली. नायगावच्या फ्लॅटमधून दर रविवारी डबा आणी, आईच्या साड्या आवरी, आणि निघताना वाक्य तेच असे, “एक शब्द बोलली असती तर.” त्या आवाजात दुःख होते, तसा आईवरचा रागही होता. तो राग मुक्कामाला भलत्याच दारी येतो आहे, हे एकट्या धर्माजींना ठाऊक होते.

वर्षश्राद्ध झाले. दिवाळी तोंडावर आली तेव्हा संजना म्हणाली, आईची राहिलेली रांगोळी मी घालीन. दुपारी रंगांचे डबे शोधताना तिला फळी सापडली. ती उजेडात धरून संजना खाली बसली. बराच वेळ पाहत राहिली.

“बाबा, आईची रेघ कधी हलत नव्हती. इथे कशी हलली?”

धर्माजी जवळ येऊन फळीवर वाकले.

“डंपर गेला असेल ना? आपल्या रस्त्याला दिवसभर तेच.” म्हणत संजनाने डब्यातली चिमूटभर रांगोळी घेतली.

हो म्हटले असते तर भागले असते. शब्द तयार होता, एकदा वापरलेलाही होता.

“डंपर गेला होता,” ते म्हणाले. “पन डंपरनं आखी फळी हालते, संजू. बाकीचे वेढे बघ. एक कन सरकलेला नाय. ही एकच रेघ हललीय. हे हातातलं हाय.”

संजनाने मान वर केली.

“ती बोलली होती. बोटं माझी वाटत नाय म्हनाली. मी डंपर म्हनालो.”

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात.”

“होतो.”

“वर्षभर मी तिला बोल लावत होते, बाबा.”

“ऐकत होतो मी.”

संजनाने चिमटीतली रांगोळी परत डब्यात सोडली. बोटे पदराला पुसली. मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

धर्माजी ओट्यावर येऊन बसले. समोरून दोन डंपर गेले, भिंतीला लावलेला पत्रा थरथरून थांबला. दार उघडेच होते. आतून रडण्याचा आवाज येईल, निदान चाळणी हलू लागेल, म्हणून ते कान देऊन होते. ऊन ओट्याच्या पायरीवरून उतरले, अंगणभर सरकत गेले. आतून काहीच आले नाही.