पुलाखाली उभा राहणारा हवालदार

टेमघरच्या आमच्या हिरामणकाकांना हळदीला बोलवायचं म्हणजे डोक्याला ताप. मांडवात बेंजो वाजतोय, बायका नाचतायत, आणि हे कोपऱ्यात चार जणांना धरून आपल्या कंपनीचा, म्हणजे फौजेतल्या तुकडीचा, इतिहास सांगतायत. काका लष्करात सॅपर होते. म्हणजे फौजेच्या पुढे जाऊन सुरुंग उचलणारे, रस्ते काढणारे, पूल बांधणारे. "लढनारे मागून येतान, आधी आमी," हे त्यांचं पालुपद. कमळकाकी तर "झाली यांची पोथी सुरू" म्हणून पहिल्याच वाक्याला उठून जायच्या.

त्यातली एक गोष्ट मला तोंडपाठ होती. फार जुन्या काळी कंपनीने डोंगरातल्या एका नदीवर पूल बांधला. "मजबूत आहे," असं सांगून बांधणारे काठावर विड्या ओढत बसले, आणि पहिलीच तोफगाडी माणसांसकट खाली गेली. तेव्हापासून कंपनीचा रिवाज पडला. पुलावरून पहिलं वजन जाताना बांधणाऱ्या टोळीचा हवालदार पुलाखाली उभा राहणार. फौजी माणूस, तिखटमीठ लावणारच, असं मी धरून चालले होते.

यंदा पडघ्याकडच्या त्यांच्या शेताजवळचा साकव पावसात वाहून गेला आणि ओढ्यापलीकडचा पाडा तुटला. निजामपुऱ्यातली काकांची कापडाच्या लूमची शेड नुकतीच पाडली होती. तिचे लोखंडी गर्डर त्यांनी ओढ्यावर आणले, पाड्यातल्या बुधाला आणि त्याच्या माणसांना हाताशी घेतलं आणि शिट्टी फुंकत पूल उभा केला.

पहिलं वजन म्हणून विटांनी भरलेला टेंपो न्यायचं ठरलं. बुधा वीटभट्टीचा टेंपो रोज चालवतो, पण काका हट्टाला पेटले. "पयलं वजन आमचा विपुल नेल. दुसऱ्याच्या पोराला पुढं घालनार न्हाय." विपुल त्यांचा एकुलता एक मुलगा. गाव काठावर जमलं. फोटो चांगला यावा म्हणून मी खाली ओढ्यात उतरले. टेंपोची पुढची चाकं पुलावर चढली आणि मी मोबाइल वर धरला.

स्क्रीनवर काका दिसले. पुलाखाली, बरोबर मधोमध, गुडघाभर पाण्यात, सावधानमध्ये उभे!

मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं. मी ओरडले तर विपुल ब्रेक मारेल आणि भरलेला टेंपो त्यांच्या डोक्यावरच थांबेल. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. गर्डर करकरले, गंज त्यांच्या खांद्यांवर झडला. आयुष्यात कुणावर इतकी चिडले नव्हते मी, आणि कुणासाठी देवाला इतकं विनवलंही नव्हतं.

टेंपो पार झाला. टाळ्या पडल्या. काका पुलाखालून बाहेर आले आणि टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

विपुल धावत आला. "बाबा, तुम्ही खाली होता? मी तुमच्या डोक्यावरून गाडी नेली?" तो खडकावर मटकन बसला.

"रिवाज हाय," काका म्हणाले. "बांधनाऱ्यालाच भरवसा नसंल, तर बाकीच्यांनी का ठेवावा?"

कमळकाकी काठ उतरून आल्या. आता काकांची खैर नाही, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "सर्विसमदी पन असंच?"

"हवालदार झाल्यापासून."

"दरवेली?"

"दरवेली."

काकींच्या तोंडावर रंग म्हणून उरला नव्हता.

"तुमी फोन करायचे, उद्या पूल चालू होनार म्हनून," त्या म्हणाल्या. "मना वाटायचं, झालं काम, सुटला जीव धोक्यातून. त्या राती मी निवांत झोपायची वो."

काका पाण्यातून वर चढून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

टेंपो परत आणायला विपुल काही केल्या तयार होईना. शेवटी बुधाने चावी घेतली. टेंपो पूल ओलांडून अलीकडे येईपर्यंत काकी काठावर उभ्या होत्या, काकांचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून.